दुपारी घरी यायचं की नाही?

एक कबुली आधीच देऊन टाकते. दोनेक वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता, ‘मुलांसोबत ॲम्युझमेंट पार्क : दहा भन्नाट टिप्स’ अशा काहीतरी नावाचा. तुम्ही तो वाचला असेल तर कृपया विसरून जा. निदान त्यातली चौथी टीप तरी विसरा.

चौथी टीप अशी होती : ‘दुपारी रूमवर परत जाऊ नका. जाण्यायेण्यात दोन-तीन तास जातात. उलट जेवणाच्या वेळी राइडच्या रांगा कमी होतात, तेव्हा तीच वेळ साधा आणि तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करा.’

वाचायला पटतं ना? फक्त हे लिहिणाऱ्या मुलीनं तोवर कुठलंही मूल कडेवर घेऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त चालून पाहिलं नव्हतं. मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्रजीत केलं, आता आठवड्याला चार-पाच लेख लिहिते. आज केसांची निगा, उद्या डब्याच्या रेसिपी, परवा पर्यटन. पार्कच्या लेखासाठी दोन दिवस अमेरिकन साइट्स वाचत बसले होते. तिकडे या एका प्रश्नावर लोक अगदी हिरिरीनं भांडतात. डिस्नेच्या पार्कात मुलांना सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवायचं, की दुपारी हॉटेलवर आणून झोपवायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं? मला ‘थांबूच नका’ म्हणणाऱ्यांची बाजू जास्त धडाडीची वाटली. उचलली आणि लिहून मोकळी झाले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्याच्या आवारातच हॉटेलं आहेत. दुपारी परत जायचं ठरलं तर जाण्यासारखी जागा जवळ असते. नाही ठरलं, तर मूल बाबागाडीत झोपतं. आता पहाडगंजच्या मेन बाजारात कुणी मला बाबागाडी ढकलून दाखवावी. वाटेत सायकल रिक्षा, ई-रिक्षा, बॅगा ओढणारे परदेशी पाहुणे, मधोमध बसलेली गाय आणि मोमोजवाल्याची गाडी. जमलं तर महिन्याचा पगार तुमचा.

हो, आम्ही पहाडगंजचे. बाबांच्या नोकरीमुळे आईबाबा दिल्लीत आले आणि इथेच राहिले. छह टूटी चौकातून आत वळलं की दोन गल्ल्या सोडून आमचं घर. मी आणि ताई दोघीही इथल्या नूतन मराठी शाळेत शिकलो. महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना हे घर फार सोयीचं आहे, कारण नवी दिल्ली स्टेशनच्या एक नंबर फलाटाच्या बाजूनं बाहेर पडलं की समोरच पहाडगंज. सामान जास्त नसेल तर पायी येता येतं. त्यामुळे मे महिना म्हणजे आमच्याकडे गाद्या घालायचा महिना. ताई लग्न होऊन नाशिकला गेली. तीही दर मे महिन्यात मुलांना घेऊन पंजाब मेलनं येते. माहेरपणाला.

अप्पूघरला आम्ही संध्याकाळी जायचो

त्या मे महिन्यात मोठी भाची सात वर्षांची होती आणि धाकटा साडेतीनचा. जिजूही चार दिवसांची रजा काढून आले होते. मोठीनं शाळेत मैत्रिणींकडून इमॅजिकाची वर्णनं ऐकली होती आणि तिला ‘तसलंच काहीतरी’ दिल्लीत हवं होतं. ताई म्हणाली, “जाऊ की. आपण नाही का अप्पूघरला जायचो?”

अप्पूघर तुमच्यापैकी काहींना ऐकून माहीत असेल. १९८२ च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह होतं अप्पू नावाचं हत्तीचं पिल्लू. त्याच्या नावानं प्रगती मैदानात १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये हे पार्क सुरू झालं आणि २००८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. बंद झालं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, ताई सोळाची. जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला गेली. आज आमच्या रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनवरून निळ्या मार्गाची मेट्रो पकडली, की चौथं स्टेशन ‘सुप्रीम कोर्ट’. तिथून जाताना आई अजूनही खिडकीकडे मान वळवून बघते.

चौथं स्टेशन. यातच सगळं आलं, पण ते मला फार उशिरा कळलं. अप्पूघर घरापासून इतकं जवळ होतं की आम्ही तिथे दिवस घालवायला कधी गेलोच नाही. आई दुपारी सगळ्यांना दटावून झोपवायची. पडदे ओढलेले, कूलर सुरू, खसच्या ताट्यांचा ओला वास. पाच वाजता दूध-बिस्किट, मग बाबा ऑफिसातून यायचे आणि आम्ही निघायचो. चार राइड, एक आइस्क्रीम, साडेनऊला घरी. उरलेल्या राइड पुढच्या वेळी.

आता पुढची वेळ अशी नसते. दिल्लीची मोठी पार्क शहराच्या कडेला गेलीत. रोहिणीत ॲडव्हेंचर आयलंड आहे, नोएडात वर्ल्ड्स ऑफ वंडर. मेट्रोनं जाता येतं, पण चालणं, तपासणी, गाडी बदलणं धरून घर ते गेट एक-सव्वा तास सहज मोडतो. शिवाय एकदाच मोठं तिकीट काढायचं आणि दिवसभर हवं तितक्यांदा बसायचं. मग कोण दुपारी घरी येणार? मुंबई-पुण्याहून खोपोलीला जाणाऱ्या घरांचंही हेच होतं. पहाटे निघायचं, चार-पाच माणसांचे पैसे भरायचे आणि मनगटावरचा पट्टा तुटेपर्यंत फिरायचं. तेव्हा ‘थांबू नका’ ही टीप मी लिहिली नसती, तरी लोक तेच करत होते. मी फक्त त्यावर छापील शिक्का मारला.

आणि ताईनं तो लेख वाचला होता. नुसता वाचला नव्हता, तर फॅमिली ग्रुपवर पाठवला होता. खाली तीन हृदयं.

अडीच वाजले तेव्हा

आम्ही कुठल्या पार्कात गेलो ते सांगत नाही, कारण जे झालं त्यात चूक पार्कची नव्हती. सकाळी साडेआठला घर सोडलं. आई म्हणाली होती, “अगं, एवढ्या उन्हाचं? पाचला निघा.” तिला मी समजावलं की तेव्हा गर्दी असते.

एक चूक तर नाश्त्यालाच केली. पहाडगंजला आल्यावर जिजूंना चुना मंडीतले छोले-भटुरे लागतातच, म्हणून आदल्या दिवशीच आणून ठेवलेले गरम करून सगळ्यांनी खाल्ले. तेलकट खाऊन मुलांना गरगर फिरणाऱ्या चकरीत बसवू नका, एवढंच म्हणते. पहिल्याच राइडनंतर मोठीनं त्याची पावती दिली.

आत गेल्यावर आपोआप एक वाटणी झाली, आणि ती मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक राइडशी उंचीची पाटी असते. कुठे ९० सेंटिमीटर, कुठे ११०, मोठ्या राइडला १२०, कुठे त्याहूनही जास्त. मोठी ११८ भरली, म्हणजे तिला हवी असलेली सर्वांत उंच राइड दोन सेंटिमीटरनं हुकली. त्यावर दहा मिनिटं रडणं झालं. बाकी बऱ्याच ठिकाणी ती, जिजू आणि मी बसू शकत होतो. धाकटा जेमतेम तीन-चार ठिकाणी. मग त्याच्यापाशी कोण थांबणार? आणि बॅगा कोण सांभाळणार? कुणी विचारलंच नाही. ताई बाकावर बसली. बारा वाजेपर्यंत तिनं सहा वेगवेगळे बाक पाहिले. तिकीट तिचंही पूर्ण होतं.

धाकट्याला मध्येच पाण्याच्या भागात सोडलं. तो खूश होता, ओलाचिंब, दात वाजताहेत. ओलं मूल पाहिलं की आपल्याला वाटतं, चला, हा गार आहे. पण पाण्यात खेळतानाही घाम जातच असतो आणि भिजलेल्या मुलाला तहान कळत नाही. त्यानं प्यायला पाणी मागितलं नाही, आम्हीही दिलं नाही. एक कोल्ड्रिंक दिलं. ते त्यानं अर्धं सांडलं.

जेवणाच्या वेळी रांगा खरंच कमी झाल्या. टीप बरोबर निघाली म्हणून मी ताईला डोळा मारला. रांगा का कमी झाल्या होत्या? कारण शहाणी माणसं सावलीत जाऊन बसली होती. मे महिन्यात दिल्लीचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि एक ते चार या वेळात वारासुद्धा अंगाला चटका देतो. इथे त्याला लू म्हणतात. नाशिकच्या उन्हाशी त्याची बरोबरी करू नका. नाशिकला झाडाखाली गेलं की बरं वाटतं, इथे झाडाखालीही वारा गरमच येतो.

अडीचच्या सुमाराला आम्ही एका रांगेतून बाहेर आलो, तर ताई उभी होती. धाकटा तिच्या खांद्यावर. गाल लाल, ओठ कोरडे, डोळे अर्धवट उघडे. मी म्हटलं, “झोपला वाटतं.” ताई म्हणाली, “झोपला नाहीये. नुसता पडलाय. अर्ध्या तासात एक शब्द बोलला नाही.” मग तिनं विचारलं, “ह्यानं शू कधी केली होती गं शेवटची?”

जिजूंनी माझ्याकडे पाहिलं, मी जिजूंकडे. सकाळी साडेआठला, घरून निघताना. सहा तास झाले होते.

प्रथमोपचाराची खोली शोधायला आम्हाला वेळ लागला. पाटी होती, पण सकाळी आमच्यापैकी कुणी ती बघितली नव्हती. तिथल्या नर्सबाईंनी त्याला आडवं केलं, कपडे सैल केले, मानेला आणि काखेत ओला रुमाल ठेवला, ओआरएस कालवलं आणि चमच्यानं द्यायला लावलं. एकदम पेला लावायचा नाही, उलटी होते. मी घाबरून बडबडत होते, रडला तरी नाही हो, इतका शहाणा आहे. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “यही तो दिक्कत है. रोता, तो मुझे इतनी चिंता नहीं होती.”

पाऊण तासानं त्यानं शू केली. गडद पिवळी, थोडीशीच. आम्ही सगळे त्या खोलीबाहेर जणू परीक्षेचा निकाल लागल्यासारखे उभे होतो. मग तो म्हणाला, “आजी कुठंय?” आणि ताई पहिल्यांदा खाली बसली.

हे वाचून तुम्ही घाबरावं असं मला वाटत नाही, पण काही गोष्टी लक्षात ठेवा. उन्हात चिडचिड करणारं, रडणारं, पाणी मागणारं मूल त्रास देतंय, पण ते स्वतःची काळजीही घेतंय. गप्प होऊन खांद्यावर ओघळलेलं मूल बघा. जीभ आणि ओठ कोरडे, बराच वेळ शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, हे पाणी कमी पडल्याचं लक्षण. सावली, ओला रुमाल, ओआरएसचे घोट. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट कालवायचं, अंदाजानं नाही. टेट्रापॅकातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. आणि मूल नीट जागं होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, अंग भाजत असेल, उलट्या थांबत नसतील, झटका आला, तर खोल्या आणि पाट्या शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

त्या रात्री ताई मला काही बोलली नाही. आईही नाही. फक्त फॅमिली ग्रुपवरचा माझा लेख कुणीतरी ‘सर्वांसाठी डिलीट’ केलेला दिसला. कुणी ते मी विचारलं नाही.

झोप कुणाला लागली

एक दिवस घरातच काढला. तिसऱ्या दिवशी मी नवं वेळापत्रक केलं. या वेळी दुपारचा ब्रेक ठळक अक्षरांत.

सकाळी रेल्वे म्युझियम. चाणक्यपुरीतलं हे संग्रहालय १९७७ पासून आहे आणि मुलं सोबत असतील तर दिल्लीत माझी सगळ्यात आवडती जागा हीच. उघड्यावर ठेवलेली जुनी इंजिनं, डबे, आवारातून फिरणारी छोटी गाडी. पतियाळा संस्थानची मोनोरेल तिथे आहे. ती एका रुळावर चालायची आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूचं मोठं चाक रस्त्यावरून फिरायचं. धाकट्यानं तिच्याभोवती किती चकरा मारल्या ते मोजणं मी सोडून दिलं. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा. साडेबाराला आम्ही निघालो. मोठी पाय आपटत होती, “आत्ता तर आलो!”

आणि आता ब्रेकची खरी गंमत ऐका. धाकटा रिक्षात बसल्याबरोबर झोपला. गाढ. वीस मिनिटांनी पहाडगंजला पोचलो, गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून चौकात उतरलो. ताईनं त्याला उचललं, कुणीतरी कानाशी हॉर्न दिला आणि तो टक्क जागा झाला. घरी गेल्यावर झोपेचं नाव नाही. कूलरपुढे उभं राहून ‘आ...’ करून आवाज कसा थरथरतो ते ऐकत बसला. मोठी पत्ते काढून बसली. एवढा आटापिटा करून आणलेली दोन्ही मुलं दुपारभर जागी!

मी हताश होऊन आतल्या खोलीत गेले. तिथे ताई झोपली होती. साडी नेसलेल्या आईच्या मांडीपाशी, उशीही न घेता, चप्पल काढायची राहिलेली. आईनं मला ओठांवर बोट ठेवून बाहेर पिटाळलं. मग जिजूंनी आणि मी मुलांना सांभाळलं. ताई अडीच तास झोपली. आई म्हणाली, आल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळी पाचनंतर आम्ही सराय काले खाँजवळच्या ‘वेस्ट टू वंडर’ला गेलो. २०१९ मध्ये दिल्लीत महापालिकेनं हे पार्क केलं. सायकलच्या रिंगा, पाईप, गाड्यांचे सुटे भाग असं सुमारे १५० टन भंगार वापरून जगातल्या सात प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती उभ्या केल्यात. ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, पिरॅमिड वगैरे. आयफेल टॉवर ६० फुटी आहे. राइड अशा फारशा नाहीत, पण मुलांना ‘हे कशाचं केलंय सांग’ हा खेळ तासभर पुरतो. अंधार पडला, दिवे लागले. आणि ताई हसत होती. मोठीबरोबर शर्यत लावून पिरॅमिडपाशी धावली, फोटोत वेडीवाकडी तोंडं केली. मला एकदम आठवलं की लग्नाआधी ही अशीच होती. परवाच्या पार्कातला तिचा एकही हसरा फोटो माझ्याकडे नव्हता. सगळ्या फोटोंत ती कडेला होती, दोन्ही खांद्यांवर बॅगा.

दुपारची विश्रांती मुलांसाठी की मोठ्यांसाठी, असा प्रश्न त्या अमेरिकन साइट्सवर कुणी विचारला होता का, मला आठवत नाही. मुलं काय, कुठेही झोपतात. मेट्रोत, बाकावर, रिक्षात, गर्दीत. ती ज्या खांद्यावर झोपतात तो खांदा दिवसभर कुणाचा असतो, हे बघायला हवं होतं. तेव्हा मला वाटलं, की चौथी टीप अशी लिहायला हवी होती : परत यायचं की नाही ते त्या माणसाला विचारा ज्याच्या कडेवर धाकटं मूल आहे, आणि त्यानं ‘नको, चालेल मला’ म्हटलं तर पुन्हा एकदा विचारा.

तेच पार्क, डिसेंबर

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दुपारी परत यायचंच. थांबा.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत चुलतभावाच्या लग्नासाठी ताई पुन्हा आली. धुक्यामुळे गाडी कितीतरी तास उशिरा. मोठीनं स्टेशनवरच जाहीर केलं की तिला त्याच पार्कात परत जायचंय. तिची आणि त्या १२० च्या पाटीची बाकी राहिली होती. मी म्हटलं, माझी टिप्स द्यायची हिंमत नाही, तुम्हीच ठरवा. या वेळी ठरवलं ताईनं आणि जिजूंनी मिळून, आदल्या रात्री, शेंगा सोलत.

आणि त्यांनी ठरवलं, की दुपारी परत यायचं नाही.

बरोबरच होतं. दिल्लीच्या डिसेंबरात सकाळी धुकं आणि बोचरी थंडी, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा हात गारठतात. दिवसातली चांगली वेळ कुठली असेल तर दुपारचीच. ऊन कोवळं, पारा विशीच्या आसपास. या दिवसांत दिल्लीकर दुपारी घरात बसत नाहीत, जिथे हिरवळ दिसेल तिथे चादर टाकतात, संत्री सोलतात, मूंगफली फोडतात. मे महिन्यात जी दुपार टाळायची, तीच डिसेंबरात गाठायची. त्यामुळे आम्ही साडेआठला नाही, अकराला निघालो. नाश्त्याला पोहे. जॅकेटं अंगावर, ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत. हिवाळ्यात त्याची गरज पडत नाही, पण आता ती बॅगेतून काढायला कुणी तयार नाही.

हिवाळ्याची एक दुसरी अडचण मात्र आहे, हवा. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर, म्हणजे ‘गंभीर’ गटात असेल, तर लहान मुलांना दिवसभर उघड्यावर नेऊच नका. अशा दिवशी बहादूरशाह जफर मार्गावरचं शंकर यांचं बाहुल्यांचं संग्रहालय किंवा प्रगती मैदानाजवळचं विज्ञान केंद्र बघा. दोन्हीकडे आत फिरता येतं. आमच्या नशिबानं त्या दिवशी वारा सुटला होता आणि आकाश चक्क निळं होतं.

गेटातून आत गेल्यावर पहिल्यांदा प्रथमोपचाराची खोली बघितली. मग स्वच्छतागृह. मग पाण्याची जागा. पहिली राइड त्यानंतर. जिजूंनी मोबाइलवर दर दीड तासानं गजर लावला होता. गजर वाजला की पाणी आणि शू, मग कुणाला हवी असो वा नसो, मोठ्यांनाही. दोनदा गजर रांगेतच वाजला, तेव्हा रांग सोडली. मोठी कुरकुरली, पण सोडली.

आणि पाळ्या लावल्या. एक ते अडीच धाकटा जिजूंकडे, अडीच ते चार माझ्याकडे, पुढचं पुढे. त्याच अमेरिकन साइट्सवर मी वाचलं होतं, की डिस्नेच्या पार्कात आईबाप आळीपाळीनं बसू शकतात. एक जण लहान मुलापाशी थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. ही खरंतर सगळ्यात कामाची टीप होती. मी ती लेखातून गाळली होती, कारण दहाचा आकडा भरला होता. इथे तशी पाटी कुठे दिसली नाही. जिजूंनी राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, “आ जाइए भैया, कोई बात नहीं.” विचारलं नसतं तर कळलं नसतं.

तीनच्या सुमारास हिरवळीवर शाल अंथरून धाकट्याला झोपवलं. टोपी तोंडावर, ऊन पायांवर. तो पाच मिनिटांत झोपला. मी त्याच्याशेजारी, चार बॅगांच्या मध्ये. किती वेळ एका जागी बसलं की पाठ भरून येते आणि कुणी चहा तरी विचारावा असं वाटायला लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. पंचवीस मिनिटं. मे महिन्यात ताई सहा तास बसली होती.

समोर ती उंच राइड होती. मोठी पाटीपाशी जाऊन उभी राहिली, टाचा जमिनीला चिकटवून, मान ताठ. तिथल्या मुलानं पट्टी डोक्यावर टेकवली. १२१. ती वळून इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिजू पुढे झाले, पण तिनं त्यांचा हात सोडला आणि आईचा धरला. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या धाकट्याकडे. मी हातानंच तिला जा म्हटलं.

राइड वर गेली. ताईची किंकाळी मला खालूनही ओळखू आली, अप्पूघरच्या दिवसांतलीच. धाकटा दचकून उठला, टोपी बाजूला केली.

“आई कुठंय?”

“वर,” मी बोट दाखवलं.

त्यानं हात आडवा धरून वर पाहिलं. थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, शू आली.”